न वाचल्याचा दाखला

पुस्तकं विकणाऱ्याने ती वाचू नयेत, असा नियम आमच्याकडे कुठेच नव्हता. ही त्रुटी कार्यालयाच्या लक्षात आली ती एका रुमालामुळे.

मी ग्राहक संरक्षण कार्यालयाच्या शिफारस व अभिप्राय कक्षात निरीक्षक आहे. एका नागरिकाची रीतसर तक्रार आली. एका पुस्तकांच्या दुकानात एका कादंबरीला 'शेवटच्या प्रकरणाला रुमाल जवळ ठेवा' अशी चिठ्ठी लावलेली होती. त्यांनी कादंबरी घेतली, रुमाल जवळ ठेवला, शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं. रुमाल कोरडाच राहिला. पुरावा म्हणून तो लखोट्यात घालून तक्रारीला जोडला होता. मी तपासला. कोरडा होता.

औषधांचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात ते पुस्तकांचं दुकान. मालकीणबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर आणि शोध टेबलावर चाललेला. फळ्यांना कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या अडकवलेल्या, पाठकोऱ्या कागदांवर हिरव्या शाईने लिहिलेल्या. 'पहिली तीस पानं कंटाळा येईल. सोसा.' 'आजारी माणसाला द्या. हातात धरायला हलकं आहे आणि कोणी मरत नाही.' 'भावाशी अबोला असेल तर आधी हे वाचा, मग फोन करा.'

"ही पुस्तकं चांगली आहेत, हे कशाच्या आधारे लिहिलंत?" मी विचारलं.

"वाचलीत ना मी!"

"सगळी?"

"चिठ्ठी लावलेली सगळी. न वाचता कसं सांगणार, साहेब?"

हा कबुलीजबाब मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतला आणि खाली त्यांची सही घेतली.

वर मान केली तर कोपऱ्यातल्या स्टुलावर माझे वडील बसलेले. आई गेल्यापासून दोन वर्षं आप्पा घरात फक्त गोळ्या आणि गळका नळ या दोनच विषयांवर बोलत. पण गेले तीन महिने जेवताना ते आम्हाला कुठल्याशा दीपगृहाच्या राखणदाराची हकिगत सांगत होते, खेचरावरून चाललेल्या एका खटल्याची सांगत होते. माझी बायको ऐकता ऐकता वाढायचं विसरायची. एकदा तर आप्पा स्वतःच्या गोष्टीवर स्वतःच हसले. हे सगळं कुठून येतं ते त्या दिवशी मला कळलं. बाई त्यांना एक पुस्तक संपलं की पुढचं सांगायच्या. खरं तर मी या प्रकरणातून बाजूला व्हायला हवं होतं, पण आमच्या कक्षात दुसरा निरीक्षक नाही.

मी बाईंना नोटीस दिली : चिठ्ठीतल्या प्रत्येक विधानाला पुरावा हवा. बाई खमक्या निघाल्या. आठ दिवसांत त्यांनी एकशे बारा वाचकांची सह्यांनिशी निवेदनं आणून दिली. कोण कितव्या पानावर रडलं, कोणी कोणत्या भावाला फोन केला, सगळं तपशीलवार. सतरावं निवेदन आप्पांचं होतं.

आमच्या मोठ्या साहेबांनी गठ्ठा बाजूला सारला. "या सगळ्यांनी पुस्तक वाचलंय?"

"हो, साहेब."

"आणि त्यांना ते आवडलंय?"

"हो."

"मग हे निःपक्षपाती कसे? ज्याला आवडलं त्याचा त्यात जीव गुंतला. ज्याला नाही आवडलं त्याचा राग आहे. अशांच्या साक्षीवर आपण नागरिकांना सोडायचं?"

त्याच आठवड्यात आदेश निघाला : शिफारस फक्त संबंधित पुस्तक न वाचलेल्या व्यक्तीनेच करावी, व सोबत न वाचल्याचा दाखला जोडावा. दाखले देण्याचं काम माझ्याकडे आलं. अर्जदाराला मी पुस्तकातला एक प्रश्न विचारी. उत्तर आलं की अर्ज बाद. पहिल्या दिवशी दाखल्यांसाठी रांग रस्त्यापर्यंत गेली. त्यात दोन प्राध्यापक होते आणि एक समीक्षक.

मग तिघांची समिती नेमली. वजनमापे निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक, आणि साहित्यप्रेमी म्हणून एक गृहस्थ, ज्यांचा प्रत्येक फोटो पुस्तकांच्या कपाटासमोर काढलेला असतो. समितीने एका दुपारी दुकानातल्या चारशे पुस्तकांचा निकाल लावला. हिरव्या शाईच्या चिठ्ठ्या जप्त झाल्या आणि त्यांच्या जागी छापील आल्या : 'सदर पुस्तक वाचनीय असल्याचे आढळून आले आहे.' तेव्हापासून एकही तक्रार आलेली नाही.

बाईंना मात्र सक्त ताकीद होती. त्यांनी सगळंच वाचलेलं असल्यामुळे त्या कायमच्या अपात्र. तोंडून एक शिफारस निघाली तरी दुकानाला टाळं.

पाहणीसाठी मी तिथे उभा असतानाच आप्पा आले. हातातलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. "संपलं, ताई. आता कोणतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात तिसऱ्या फळीकडे गेला. मी खोकलो. हात खाली आला.

"सगळीच वाचनीय आहेत, आप्पा," त्या म्हणाल्या.

आप्पांनी एकेक छापील चिठ्ठी वाचली. पहिली फळी पुरती वाचली, दुसरी अर्धी. मग रिकाम्या हातांनी निघून गेले. मला वाईट वाटलं. तसा रकाना पाहणी अहवालात नाही.

पंधरा दिवस झाले. जेवताना पुन्हा नळाचा विषय निघू लागला. बायको म्हणाली, "अहो, आप्पा पार मिटून गेलेत. तुम्हीच द्या ना त्यांना एखादं पुस्तक आणून."

मी तर पूर्ण पात्र होतो. मी समितीच्या यादीतलं पहिल्या क्रमांकाचं पुस्तक आणलं, छापील चिठ्ठीसकट आप्पांच्या हातात दिलं.

"तू वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"मग मला का देतोयस?"

मी छापील चिठ्ठीवर बोट ठेवलं. त्यांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं, हळूच माझ्याकडे परत सरकवलं आणि विचारलं, "नळवाला कधी येणार म्हणाला?"

हे टिपण प्रसिद्धीसाठी मंजूर झालं आहे. आपण ते इथपर्यंत वाचलं असल्यास ते कोणाला सुचवण्यास आपण अपात्र ठरला आहात, याची नोंद घ्यावी. नाउमेद होण्याचं कारण नाही. आपल्या घरच्या कपाटातली पुस्तकं आठवून पाहा. त्यांतल्या बहुतेकांसाठी मी आपल्याला आजच्या आज दाखला देऊ शकतो. प्रश्नसुद्धा विचारणार नाही.