पेटंट यंत्राला शेंदूर

अख्ख्या ठाण्यात पेटंट घेतलेला माणूस एकच, आणि तो मी! कलकत्त्याहून आलेला तो लाल मोहोरेचा कागद मी चौकटीत घालून ओसरीवर अशा जागी टांगला होता, की येणाऱ्याचं डोकं त्यावर आपटल्याशिवाय राहू नये. शाळेतली मास्तरकी सोडून मी यंत्रांच्या मागे लागलो होतो. आपोआप हलणारा पंखा केला, त्याने सासऱ्यांची पगडी उडवून विहिरीत टाकली. वाफेवर पापड वाळवण्याची पद्धत शोधली, त्या पापडांची खीर झाली. ही सगळी पूर्वतयारी आहे असं मी म्हणत असे. दुसरं कुणी म्हणत नसे.

'क्षारोदक-उत्क्षेपक यंत्रा'ची गोष्ट मात्र निराळी होती. नाव अवघड, पण काम सोपं. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायचं तर भरतीची वाट बघत बसावं लागतं. माझं यंत्र ओहोटीतसुद्धा वाफेच्या जोरावर पाणी उचलून आगरात टाकणार होतं! मीठखात्याच्या साहेबाने ते बाळकुमच्या मिठागरात येऊन बघायचं कबूल केलं, आणि मी गावभर सांगत सुटलो.

ते सांगणं कल्याणपर्यंत गेलं. कल्याणला माझे सासरे भाऊ यांची तांदळाची वखार आहे. ते मुद्दाम आले, कागदाला डोकं आपटून आत बसले आणि म्हणाले, "यंत्र चाललं तर जावई शहाणा आहे असं मी चारचौघांत सांगेन. नाही चाललं तर दुसऱ्या दिवसापासून वखारीत बसायचं."

वखारीत बसणं म्हणजे तांदळाच्या धुळीत शिंका देत भाऊंच्या तरुणपणच्या गोष्टी ऐकणं, तेही जन्मभर. माझी पत्नी गोदा दाराआड उभी राहून ऐकत होती. ती अशी कान देऊन ऐकते तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

मिठागरातल्या कामकऱ्यांचा मुकादम गुणाजी याच्या बैलगाडीतून यंत्र बाळकुमला नेलं आणि बांधावर दगडांच्या चौथऱ्यावर बसवलं. मोठा गोल बॉयलर, वर शेजारी शेजारी दोन पितळी तोट्या आणि त्यांच्या मधोमध खाली पाणी फेकणारं नळीचं तोंड. चाचणीला आग पेटवली. यंत्रातून वाफही आली, पाणीही आलं. फक्त ते नळीचं तोंड सोडून बाकी सगळीकडून आलं!

रेल्वेच्या कारखान्यात सांध्यांना शेंदूर आणि जवसाचं तेल कालवून लावतात, हे मला ठाऊक होतं. एका सांध्याला लावला, तर शेजारचा गळायला लागला. त्याला लावला, तर त्याच्या खालचा. असं करता करता अख्खं यंत्र शेंदराने माखलं. शेंदूर वाळायला काही दिवस लागणार, म्हणून कुणीही हात लावायचा नाही, पोराबाळांनी जवळ फिरकायचं नाही, असं सगळ्यांना निक्षून सांगितलं आणि मी घरी आलो.

ते दिवस मी अंगणात येरझारा घालण्यात काढले. एकदा परसदारी मीठ विकणारी मालन आली होती. गोदाने मीठ घेतलं आणि तिच्या टोपलीत नारळ ठेवला. मी विचारलं, तर म्हणाली, "मालनच्या ओळखीचा एक देव आहे. नवसाला पावतो म्हणे." बायकोने माझ्या यशासाठी देवाला नारळ पाठवावा! माझा ऊर भरून आला.

ठरल्या दिवशी साहेब, भाऊ आणि मी बैलांच्या दमणीतून बाळकुमला गेलो. बांधावर ही गर्दी! लोकांना यंत्राचं एवढं कौतुक वाटतंय हे बघून मी भाऊंकडे अर्थपूर्ण नजर टाकली. जवळ गेलो तो यंत्रावर मांडव. पताका, झेंडूच्या माळा, उदबत्त्या, फुटलेल्या नारळांचा ढीग. दोन्ही तोट्यांवर चांदीचे डोळे बसवलेले होते, आणि गुणाजीची म्हातारी आई आवडाबाई माझ्या पेटंटला ओवाळत होती.

गुणाजी पुढे आला. "मास्तर, आदी पायतान काडा."

"अरे, हे यंत्र आहे! तुझ्याच गाडीतून आणलं ना?"

"गारीतून आनला तवा यंत्रच व्हता," गुणाजी शांतपणे म्हणाला. "दगर बी आदी दगरच आसतो. शेंदूर लागला का मंग देव. आन् शेंदूर तं तुमीच लावला."

मग त्याने सगळ्यांसमोर मी विधिपूर्वक केलेली स्थापना वर्णन करून सांगितली. मास्तर अनवाणी होते. दिवसभर उपाशी होते. आपल्या हाताने डोक्यापासून पायापर्यंत शेंदूर लावत होते, तोंडाने सारखं पुटपुटत होते आणि जाताना कुणी शिवायचं नाही म्हणून बजावून गेले. आता अनवाणी होतो, कारण जोडा चिखलात रुतला होता. उपाशी होतो, कारण डोकं फिरलं होतं. आणि पुटपुटत होतो ते सांधे करून देणाऱ्या लोहाराच्या नावाने! पण हे ऐकून कोण घेतो? आवडाबाईची हरवलेली शेळी दुसऱ्याच दिवशी परत आली होती.

मी साहेबाकडे आशेने बघितलं. साहेबाने टोपी काढून हातात धरली होती. सरकार कुणाच्या धर्मात हात घालत नाही, असं त्याने मला त्याच्या मराठीत समजावून सांगितलं. पलीकडे भाऊ जोडे काढून डोळे मिटून उभे होते.

वखारीतली धूळ माझ्या नाकाशी आली, आणि धूळ आली की मला बुद्धी सुचते. मी म्हणालो, "गुणाजी, या देवाला धुनी लागते. पोटाखाली."

गुणाजीने आईकडे बघितलं. आवडाबाईने मान डोलावली. नारळाची सोडणं तिथे हवी तेवढी होती. धुनी पेटली, यंत्र घुमायला लागलं, लोकांनी हात जोडले. मी सांधे न्याहाळत होतो. कुठे थेंब नाही, वाफेचा धागा नाही. माझ्या हातून इतकं निर्दोष काम पूर्वी कधी झालं नव्हतं. मला खरोखर रडू यायला लागलं.

पण पाणी कुठे होतं? घुमणं वाढलं, चौथरा हादरायला लागला. मी आवडाबाईला विचारलं, देवाच्या तोंडात काही घातलंत का?

"रोज निवेद देतंय ना. तांदलाचा न् गुलाचा," ती म्हणाली. "खात व्हता, मनून काठीनं कोंबीत गेले."

मी "पळा" म्हणेपर्यंत धडाका झाला. नैवेद्याचा गोळा साहेबाच्या कानाजवळून गेला आणि भाऊंच्या पगडीवर उजव्या बाजूला बसला. मागोमाग खाडीचं पाणी उसळून आलं आणि धुनी विझली. यंत्र चाललं होतं हो! पण बघायला होतं कोण? गावकरी जमिनीवर पालथे पडले होते आणि साहेब टोपी हातात घेऊन दमणीकडे धावत होता.

"उजवा कौल!" गुणाजी ओरडला.

भाऊंच्या कानावरून गूळ ओघळत होता आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान होतं. "मी मनात देवाला हेच विचारत होतो," ते म्हणाले, "की जावयाला वखारीत घेऊ का."

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला जाऊन बसलो. शिंका देत. भाऊंच्या गोष्टी सध्या त्यांच्या मुंजीपर्यंत आल्या आहेत.

पुढच्या हंगामात गोदा म्हणाली, बाळकुमला जायचंय, नवस फेडायचा आहे. गेलो. देवावर आता कौलारू छप्पर झालं होतं आणि शेंदराचा नवा हात चढला होता. तिने हार वाहिला, नमस्कार केला. मी विचारलं, नवस कसला बोलली होतीस?

"मालनबरोबर नारळ पाठवला होता ना, तोच. म्हटलं, इकडच्या डोक्यातलं यंत्रांचं खूळ जाऊ दे." मग पदर सारखा करत म्हणाली, "देव कुठला, ते तेव्हा मालनला विचारायचं राहूनच गेलं."

मी त्या दोन चांदीच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. जन्मात इतकी यंत्रं केली, पण सांगितलेलं काम चोख करून दाखवणारं हे एकच निघालं. मी जोडे काढले आणि नारळ फोडला.