कोटांच्या कपाटातले मिस्टर पिकल्स

नक्कल करण्यात माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या यॉर्कशरमध्ये सापडायचा नाही! उगाच बढाई मारत नाही. मी क्लिफर्ड ऑग्डन, उभा जन्म थॉर्नलीत बस चालवली. डेपोतल्या साहेबाचा आवाज काढून मी एकदा त्याच साहेबाला फोनवर झापलं होतं, आणि तो मुकाट्यानं "होय सर" म्हणाला होता! तेव्हा रेडिओवर फोन करून लोकांना गंडवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

गंडवायची वेळ का आली, तेही सांगतो.

आमची ब्रायनी. एकुलती एक. इथल्या रेडिओनं तिला थॉर्नली टाउनच्या पुरुषांच्या फुटबॉल मॅचेसची कॉमेंटरी करायला घेतलं. तिच्या आधीचे गृहस्थ निम्म्या खेळाडूंना "तो आपला हा" म्हणायचे, पण आवाज कसा, कोळशाची गाडी ओतल्यासारखा! लोक खूश होते. ब्रायनीला प्रत्येक खेळाडूचं नाव ठाऊक, कुणाचा कुठला घोटा दुखतोय तेही ठाऊक. पण तिचा आवाज पडला बाईचा.

मॅच संपली की श्रोत्यांचे फोन घेतात. गॅरेथ नावाचा मुलगा तो कार्यक्रम चालवतो, शेजारी ब्रायनी बसते. पहिल्याच शनिवारी फोन सुरू झाले.

"गोल झाला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटतं!" एक म्हणाला.

"बाईंनी बायकांच्या मॅचेस कराव्यात की! तिथे कोण अडवतंय?" दुसरा म्हणाला.

तिसरा तर कहर! "बाईंचं काही चुकलं नाही हो. पण चुकलं नाही, हेच डोक्यात जातं!"

पबात गेलो तर आमचा नॉर्मन, डेपोपासूनचा मित्र, बिअरचा फेस पुसत म्हणाला, "तुझी पोर गुणी आहे, क्लिफ. पण गोलला गळा पुरुषाचाच हवा. मी आपला रेडिओ बंद करतो."

रविवारी ब्रायनी जेवायला आली. समोर भाजलेलं मटण, बटाटे, आईच्या हातचं यॉर्कशर पुडिंग, आणि पोरीनं काटासुद्धा उचलला नाही.

"आई, सोडून द्यावं म्हणते," ती म्हणाली. "मागची नोकरी परत देतायत. तिथे निदान माझ्या आवाजाबद्दल कुणी बोलत नव्हतं."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. बापानं काहीतरी बोलायची वेळ होती ती. माझ्या पोटात शब्दांची नुसती झुंबड उडाली होती. सगळे एकदमच दाराशी आले आणि दारातच अडकले. शेवटी तोंडातून निघालं, "ग्रेव्ही वाढू?"

डोरीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे असं पाहिलं की ग्रेव्ही थंड पडली.

म्हणून पुढच्या शनिवारी मी फोन उचलला. आमच्याकडे जिन्याखाली कोटांचं कपाट आहे, त्यात शिरलो. किटलीला घालायची लोकरीची टोपी रिसीव्हरवर चढवली, आवाज जरा भरड केला. फोन घेणाऱ्या मुलीनं नाव विचारलं. नावाचा विचारच केला नव्हता! दाराच्या फटीतून स्वयंपाकघराचं फडताळ दिसत होतं, त्यावर लोणच्याची बरणी.

"पिकल्स," मी म्हणालो. "अर्नेस्ट पिकल्स. स्किप्टनहून."

आणि काय सांगू तुम्हाला! एकदा टोपीआड गेलो आणि ते अडकलेले शब्द धडाधड बाहेर पडले! "ब्रायनी पोरी," मी म्हणालो, "तू बोलतेस तेव्हा मला मैदानावरचं ओलं गवत दिसतं. तो डावीकडचा पोरगा दमून कमरेवर हात ठेवतो, तेही दिसतं. मी एकटा म्हातारा. माझी बायको जाऊन वर्षं झाली. पण शनिवारी दुपारी घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं."

मग ब्रायनीचा ओला आवाज, "पिकल्स काका, थँक्यू हं."

कपाटातून बाहेर आलो तर 'गेलेली' बायको स्वयंपाकघरात भांडी पुसायच्या फडक्यानं डोळे पुसत होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "किती गोड माणूस! शीक जरा! आणि तू कपाटात काय करत होतास?"

"कोट शोधत होतो."

"अंगावर आहे तो."

त्या रविवारी ब्रायनी दोनदा मागून जेवली. नोकरी सोडायची गोष्टच नाही! पण जेवताना सगळं बोलणं पिकल्सचं. पिकल्स काका असे, पिकल्स काका तसे. पुढच्या शनिवारी पिकल्सनी पुन्हा फोन केला, त्याच्या पुढच्या शनिवारीही. डोरीननं तर बिचाऱ्या विधुरासाठी आल्याचा केक करून रेडिओच्या कचेरीत पाठवून दिला! माझ्या घरातला केक, माझ्या बायकोच्या हातचा, माझ्यासाठी केलेला, आणि मला एक तुकडा नाही!

तरी तेही सोसलं असतं. पण एके शनिवारी ब्रायनी रेडिओवर म्हणाली, "पिकल्स काका, माझे बाबा फार चांगले आहेत. पण त्यांनी कधी 'छान केलंस' म्हटलेलं मला आठवत नाही. तुमचा फोन आला की वाटतं, बाबा असे बोलले असते तर!"

मी कपाटात, माझ्याच रेनकोटाला टेकून उभा. जगात कुणाला स्वतःचाच हेवा वाटला असेल तर तो मला! या पिकल्सला आता घालवायलाच हवा, असं मी ठरवलं. बेत साधा होता. पिकल्स जरा खुसपट काढील, पोरीच्या मनातून उतरेल, मग रविवारी जेवताना मी खाकरून म्हणेन, "मला तर बुवा आवडलं!" झाला बाप मोठा!

त्या शनिवारी पाहुण्या संघाचा एक गोल रद्द झाला होता. पंचाचं निशाण वर जायच्या आधीच ब्रायनीनं "ऑफसाइड!" म्हणून सांगून टाकलं होतं. मी टोपी चढवली.

"पोरी, आज जमलं नाही," पिकल्स म्हणाले. "तो गोल चांगला होता. तू घाई केलीस. ऑफसाइड जरा अवघडच असतं म्हणा, बायकांना."

शेवटचा शब्द माझा नव्हता हो! तो पबातला शब्द होता, जिभेवरून घसरला. पण बाण सुटला तो सुटला. आणि गॅरेथ ओरडला, "अरे बापरे! सगळ्या लाइन्स पेटल्या! पिकल्स काका, फोन ठेवू नका. थॉर्नलीहून नॉर्मन बोलतायत!"

मी टोपी रिसीव्हरवर आणखी घट्ट ओढली.

"अहो पिकल्स!" नॉर्मन गरजला. "परत त्या बरणीत जाऊन बसा! मी मैदानात होतो, अगदी रेषेसमोर! चांगला दोन पावलं पुढे होता तो! पोरीनं पंचाच्या आधी पाहिलं! मी रेडिओ कानाला लावूनच बसतो, प्रत्येक मॅचला! तिच्याइतकं नीट कुणी सांगत नाही!"

"अरे लबाडा!" मी किंचाळलो. "तू तर पबात म्हणालास, रेडिओ बंद करतो म्हणून!"

टोपी कधीच खाली पडली होती.

"क्लिफ?" नॉर्मन म्हणाला. "तू आहेस?"

"बाबा?" ब्रायनी म्हणाली.

तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं. समोर डोरीन. हातात स्वयंपाकघरातला रेडिओ, आणि त्या रेडिओतून माझाच श्वास ऐकू येतोय!

"माझा केक कुठे गेला असेल?" ती एवढंच म्हणाली.

तिकडे नॉर्मन पेटलेलाच होता. "ब्रायनी, ऐक पोरी! हा तुझा बाप रोज पबात आमची डोकी उठवतो! ब्रायनी अशी म्हणाली, ब्रायनीनं तसं सांगितलं! आमची बिअर कोमट होते पण याचं पुराण संपत नाही! तुझा शाळेच्या टीममधला फोटो पाकिटात घेऊन फिरतो, मी शंभरदा पाहिलाय! मी त्याला चिडवायला म्हणालो रेडिओ बंद करतो म्हणून. तर हा माणूस माझ्याशी आठवडाभर बोलला नाही!"

"नॉर्मन, गप्प बस!" मी ओरडलो. "ते सगळं तिला सांगायचं नसतं!"

"का?" ब्रायनीनं विचारलं. हळूच. अर्धं यॉर्कशर ऐकत होतं. "का नसतं, बाबा?"

आता टोपी नव्हती. पिकल्स नव्हते. मी, कोट, आणि दारात रेडिओ कवटाळून बायको. मी तोंड उघडलं. ग्रेव्हीचा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू! पण डोरीननं नकाराची मान हलवली.

"ऑफसाइडच होतं," मी म्हणालो. "तू बरोबर होतीस. आणि मघाशी दुसऱ्या गोलला तू ओरडलीस ना, तेव्हा मी इथे कपाटात आधीच येऊन बसलो होतो, उडीच मारली. जिन्याला डोकं आपटलं. टेंगूळ आलंय. मी... मला वाटलं, ही माझी पोरगी. सगळ्यांना ऐकू येतेय, आणि ही माझी पोरगी आहे."

मग गॅरेथनं नाक शिंकरलं आणि एकदम जाहिराती लावून टाकल्या. लाइनवर मात्र ब्रायनी होती. हसत होती की रडत होती, कळेना.

"बाबा," ती म्हणाली, "टेंगळाला बर्फ लावा."

"लावतो. आणि ब्रायनी..."

"काय?"

"छान केलंस."

तर अशी ही कथा. सगळं जग सुधारलं म्हणत नाही मी. तो मांजराच्या शेपटीवाला अजून अधूनमधून फोन करतोच. पण आता त्याला झापायला नॉर्मनसारखे पुष्कळ बसलेले असतात, आणि ब्रायनी गोलला पूर्वीपेक्षा मोठ्यांदा ओरडते.

मी मात्र ठरवलं, आता लपाछपी नाही. पुढच्या शनिवारी बैठकीत, खुर्चीत बसून, ताठ मानेनं फोन लावला आणि म्हणालो, "क्लिफर्ड ऑग्डन बोलतोय. ब्रायनीचा बाप."

"रांगेत थांबा हं, काका," फोन घेणारी मुलगी म्हणाली. "आज ब्रायनीचा बाप म्हणून फोन करणारे तुम्ही सहावे."

"अहो, पण मी खरा!"

"सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली. "आणि तुमच्या आधीच्यांनी तर इतकं सुंदर कौतुक केलं की आम्ही सगळे रडलो. तुम्ही जरा तयारी करून बोला हं!"