नकाशेखान्याचें यंत्र पाण्यानें थंड केल्याची हकीकत

श्रीगणेशास नमन, शारदेस नमन, आणि ज्या निरपराध पत्र्यास दोन वेळ भोकें पाडिलीं त्या पत्र्यासही नमन करून, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख मासीं एका राज्यांत जी मूर्खाई जाहली तिची हकीकत लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं. लिहिलें तर त्याची प्रसिद्धि होईल, आणि तितकेंही त्याचें भलें मजकडून होऊं नये ऐसें मनांत आहे. लिहिणार त्याच दरबारचा चिटणीस. मसलतीस बसून जो जें बोलेल तें दफ्तरीं उतरून घेणें हें माझें काम. वाचणारांनीं माझ्या रागाची क्षमा करावी, अगर न करावी. राग आहे तो आहे.

तें राज्य नकाशांचें. दुसरें तेथें कांहीं पिकत नसे. शेतांच्या हद्दी, गांवांच्या सीमा, ओढे, पांदी, सारें कागदावर उतरावें आणि चहूंकडे पाठवावें हाच उद्योग, आणि त्यावरच सर्वांची चूल. म्हणोन पूर्वीं कोण्या महाराजांनीं कायदा करून ठेविला कीं या राज्यांत कोणताही कागद निघो, त्याच्या माथ्यावर उत्तरेचा बाण पाहिजे. कायदा बरा होता. पण पुढें लोकांस त्याची ऐसी संवय जडली कीं लग्नपत्रिकेच्या माथ्यावरही बाण काढूं लागले, आणि औषधाच्या चिठ्ठीवरही काढूं लागले, आणि कागद हातीं येतांच त्याची वरची बाजू ती उत्तर ऐसें लहानथोर सर्व मानूं लागले. विचारण्याचें कोणास कारण पडत नसे. दुसरी चाल ऐसी कीं घर असो, गोठा असो, कोंबड्यांचें खुराडें असो, वास्तुशास्त्रीबोवांचा शिक्का कागदावर पडल्यावांचून कोणी एक खिळा ठोकूं नये. या दोन चाली आपापल्या जागीं होत्या तोंवर कोणाचें बिघडलें नाहीं. त्या वैशाखांत दोघी एका कागदावर आल्या.

नकाशेखान्यांत एक थोर संगणक होता. सर्व नकाशे तोच काढी. उन्हाळा लागला कीं तापे, आणि मग त्याचे पंखे गिरणीसारखे ओरडत, आणि तरीही ताप न उतरला कीं अर्ध्या नकाशावर आपला आपण बंद पडे. ऐसें दिवसांत चार चार वेळ होऊं लागलें. महाराजांचे कानीं गेलें. महाराज बोलिले, "शौकीन लोक यंत्राचें कॅबिनेट कापून आंत पाण्याच्या नळ्या फिरवितात आणि यंत्र थंड ठेवितात ऐसें ऐकितों. आपणही करावें." मग दिवाण आबाजीपंत यांनीं गोंदाजी तांबट यास बोलावूं पाठविलें.

गोंदाजी पिढीजात सरकारचा तांबट. दरबारचे हंडे, समया, नळ, सारें त्याच्या घरचें. वय साठीपलीकडे, ऐकूं थोडें कमी, बोलणें त्याहून कमी. तो आला आणि यंत्राजवळ दोन दिवस नुसता बसला. कोठें तापतें, वारा कोठून घेतें, कोठें सोडितें, हात लावून पाहिलें. मग लोखंडी कॅबिनेट मोकळें केलें, पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लाविली कीं रंगास ओरखडा न यावा, तीवर खुणा केल्या, आणि माथ्याचा पत्रा कापून रेडिएटर बसविण्यास जागा केली, कीं तापलेला वारा वरच्या वर निघून जावा. कापल्या कडा कानशीनें ऐशा घांसल्या कीं बोट फिरविलें तर लागूं नये, आणि नळी जेथून जावयाची त्या भोकास रबराची कडी घातली. तांब्याच्या नळींत बारीक वाळू ठांसून मग ती वांकविली, कारण पोकळ नळी वांकवितां चेपते. वळण ऐसें गोल आलें कीं पाहत राहावें. पाण्याची टांकी मध्यें, तिच्या खालीं पंप, आणि वीज वांटणारी पेटी, जीस पॉवर सप्लाय म्हणतात, ती पाण्यापासून आडभिंत घालून निराळी. मीं विचारिलें, "पंप खालींच कां?" तो म्हणाला, "पंप कोरडा फिरला तर मरतो, चिटनीस. पानी वरून त्येच्या तोंडात आपसूक पडलं पायजे." इतकें सोपें होतें. मला कारकुनास समजलें, मग दुसऱ्यांस न समजण्यास काय जाहलें होतें?

काम आठ आणे होऊन चुकलें होतें, तों दिवाणसाहेबांस आठवलें कीं शिक्का राहिला. लागलाच कॅबिनेटाचा कागद करविला. पेटी समोरून उभी दिसते तैसा तो कागद, आणि कायद्याप्रमाणें त्याच्या माथ्यावर उत्तरेचा बाण काढिला. मग तो कागद वास्तुशास्त्री रामेश्वरभट यांजकडे गेला. भटजी आपल्या विद्येंत लबाड नव्हते. घर दाखवा, बरोबर सांगत. परंतु त्यांनीं जन्मांत पेटी तपासिली नव्हती. त्यांनीं बाण पाहिला, वरची बाजू उत्तर धरिली, उजवी पूर्व धरिली, आणि मखलाशी केली कीं पाण्याचें स्थान ईशान्येस, सबब टांकी उजवीकडे वर. अग्नीचें स्थान आग्नेयेस, सबब पॉवर सप्लाय उजवीकडे खालीं, बरोबर टांकीच्या पोटाखालीं. वायूचें स्थान वायव्येस, आणि पंप पाणी खेळवितो तो वायूसारखाच, सबब पंप डावीकडे अगदीं माथ्याशीं. आणि जड वस्तु नैऋत्येस, सबब रेडिएटर डावीकडे खालीं. म्हणजे जें वर असावें तें खालीं गेलें, जें खालीं असावें तें वर गेलें, आणि विजेच्या डोक्यावर पाणी टांगलें. यावर शिक्का पडला. शिक्क्यावर दिवाणसाहेबांनीं सही केली. हें लिहितां आजही माझ्या तळपायाची आग मस्तकास जाते.

मसलत बसली. महाराज, दिवाण, भटजी, आणि मी वही उघडून. गोंदाजीस उभा करून कागद दाखविला. त्यानें कागद दोन्ही हातीं धरिला, वर पाहिलें, खालीं पाहिलें, आणि बोलिला, "सरकार, ह्यो कागद जमिनीवानी आडवा नाय, भिंतीवानी उभा हाय. ह्येच्या माथ्यावर उत्तर नाय, आभाळ हाय. खाली दक्षिन नाय, टेबल हाय. आसं केलं तर टाकीतलं पानी उतरून कुनाच्या अंगावर जाईल ते बगा."

दिवाणसाहेब हंसले आणि बोलिले, "गोंदाजी, या राज्यांत कागदाच्या माथ्यावर काय असतें तें तूं आम्हांस शिकविणार?"

गोंदाजी बोलिला, "शिकवत नाय. पन ह्ये माज्या हातनं करून घेऊ नगा."

महाराज खिडकीबाहेर पाहत होते. भटजींस क्षणभर शंका आली ऐसें मला दिसलें, परंतु शिक्का पडून गेला होता, आणि पडला शिक्का मागें घ्यावा ऐसी त्यांच्या घराण्याची रीत नव्हती. दिवाणसाहेब बोलिले, "काम वेळेवर करावें. न जमेल तर तांबटकीची सनद ठेवून जावें." साठी उलटलेल्या माणसास एका वाक्यांत पोटावर मारिलें, आणि पान मागविलें.

मग गोंदाजीनें आपल्याच हातानें कापलेला माथा पत्र्याची ठिगळें लावून बुजविला, आणि दुसऱ्या जागीं नवीं भोकें पाडिलीं. पत्रा तो किती, त्यांत जोर तो किती? एकदां कापला, बुजविला, पुन्हा कापला. उजव्या कोपऱ्यास तर चाळणी जाहली. तेथेंच पाण्यानें भरलेली टांकी टांगावयाची. त्यानें तरीही सांधे जीव ओतून केले. चौदा सांधे. प्रत्येक सांध्याखालीं टीपकागदाचा तुकडा बांधिला, बॅटरींत घालतात तें शुद्ध पाणी भरिलें, आणि विनंती केली कीं यंत्र बंद ठेवून नुसता पंप एक दिवस एक रात्र फिरूं द्यावा, गळतें न गळतें तें कागद सांगतील. दिवाणसाहेब बोलिले, मुहूर्त आजचा आहे. तपासणी अर्धी घटका जाहली. भले शाबास.

वैशाख शुद्ध दशमीस दोन प्रहरीं दरबार भरला. कॅबिनेटास हार घातला, वारा घ्यावयाच्या जाळीवरच घातला, आणि नारळ फुटला, आणि महाराजांनीं कळ दाबिली. यंत्र चाललें. नळ्यांतून पाणी झळकलें, आणि लोक वाहवा करूं लागले, आणि दिवाणसाहेबांनीं मिशांवर हात फिरविला. मग खालच्या रेडिएटरांत अडकलेली हवा वर चढूं लागली, आणि हवा चढते ती सर्वांत उंच जागीं जाते, आणि सर्वांत उंच जागीं यांनीं पंप बसविला होता. पंपाच्या तोंडांत हवा भरली. तो कोरडा फिरूं लागला, आणि कर्कश ओरडूं लागला, आणि सारें कॅबिनेट थरथर कांपूं लागलें. गोंदाजी मागून धांवला, "बंद करा, बंद करा" म्हणत. शिपायांनीं त्यास दंडास धरून मागें ओढिलें, कारण महाराजांपुढें धांवण्याची रीत नाहीं. इतक्यांत चाळणी जाहलेल्या कोपऱ्यांतून टांकीचे स्क्रू उपटून आले, आणि टांकी खालीं आली, आणि सगळें पाणी पॉवर सप्लायवर पडलें. एक मोठा आवाज जाहला. मग धूर, आणि मग कांहींच नाहीं. सोळा वर्षांचे नकाशे ज्या यंत्रांत तें यंत्र जळून कोळसा जाहलें.

तिसरे दिवशीं चौकशी बसली. चौकशी करणार दिवाण आबाजीपंतच. गोंदाजीनें रुमाल सोडिला आणि तपासणीनंतर काढून ठेविलेले चौदा टीपकागद एकेक करून मेजावर मांडिले. म्हणाला, "माजा येकबी सांदा गळला नाय. बगा."

दिवाणसाहेबांनीं कागद उलटसुलट केले आणि बोलिले, "यांवर तर कांहींच नाहीं."

"कायबी नाय, ह्योच पुरावा हाय, सरकार. पानी लागलं आसतं तर सुरकुतलं आसतं."

"सांधा न गळला तरी टांकी पडली. टांकी कोणीं टांगिली?"

"तुमी सांगितलं तितं म्यां टांगली. आन् नगं म्हनून त्याच दिशी सांगितलंय, महाराजांच्या म्होरं." मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर भय नव्हतें. ज्याचा माणूस दरबारांत बसला आहे त्याचें तोंड असावें तैसें तें होतें. "चिटनीस समदं लिवून घेतात. वाचा की, चिटनीस."

त्या राज्याचा कायदा ऐसा कीं जें दफ्तरीं नाहीं तें घडलें नाहीं. मीं वही उघडली. त्या दिवसाचें पान काढिलें. त्यांत महाराजांचें आगमन होतें, शिक्क्याची नोंद होती, दिवाणसाहेबांची आज्ञा अक्षर अक्षर होती, पानसुपारी जाहली हेंही होतें. गोंदाजीचें एक वाक्य नव्हतें. मसलतीस तो बोलूं लागला तेव्हां दिवाणसाहेबांनीं माझ्याकडे नुसतें पाहिलें होतें. तोंडानें "लिहूं नका" म्हणालेही नाहींत. आणि मीं बोरू दौतींत ठेविला होता. मला कोणीं मारिलें नाहीं, कोणीं धमकाविलें नाहीं. दिवाणांच्या मूर्खपणावर इतका वेळ आग पाखडिली. परंतु ते मूर्ख होते, आणि मला तर कळत होतें. मीं पान वाचून दाखविलें आणि वही मिटली.

महाराजांस सर्व ठाऊक होतें. ते तेथेंच बसले होते, त्यांनीं कानांनीं ऐकिलें होतें. ते बोलिले, "दफ्तरीं नाहीं म्हणतां, तर आमचा इलाज काय?" आणि उठून गेले. सारें खापर तांबटाचे माथां फुटलें. सनद जप्त, हत्यारें जप्त, आणि त्याच्या घराण्यानें या राज्यांत पुन्हा तांब्यास हात लावूं नये ऐसा हुकूम जाहला. हुकूम मींच लिहिला. सुंदर वळणदार अक्षर आलें.

तो हद्द ओलांडून जाण्याचे दिवशीं मी नाक्यापर्यंत गेलों. म्हणालों, "गोंदाजीबोवा, माझें चुकलें. लिहावयास हवें होतें." त्यानें बोचकें या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलें आणि बोलिला, "न्हाय लिवलं त्येचं काय न्हाय, चिटनीस. मला वाटलं व्हतं, दरबारात माजं कुनाला आयकूच जात नसंल. तुमाला आयकू गेलतं." आणि चालूं लागला. मागें पाहिलें नाहीं.

सारांश, यंत्र गेलें, नकाशे गेले, तांबट गेला. शिक्का आहे, दिवाण आहेत, मी आहें. आषाढांत नवें यंत्र आणिलें आणि परमुलखांतून नवा कारागीर आणिला. कागद मात्र जुनाच काढिला, कारण त्यावर शिक्का होता. पुन्हा मसलत बसली. कारागिरानें कागद दोन्ही हातीं धरिला, वर पाहिलें, खालीं पाहिलें, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिला. त्यास समजलें हें त्याच्या तोंडावर मला स्वच्छ वाचतां आलें. मीं वही उघडली होती, बोरू शाईनें भरून हातीं घेतला होता, आणि या खेपेस दिवाणांनीं कितीही पाहिलें तरी लिहीन ऐसा निश्चय केला होता. गोंदाजीचें काय जाहलें तें कारागिरानें ऐकिलें होतें. तो बोलिला, "जैसी आज्ञा." तेवढें मीं लिहून घेतलें.