डस्टर उचललं की येतं

"बेसूर मूल ही अंधश्रद्धा आहे," असं दिगंबरने कर्वेनगरच्या आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये जाहीर केलं. "कुठलंही मूल चाळीस मिनिटं माझ्या ताब्यात द्या, सुरात परत करतो."

संगीतशिक्षणाच्या शेवटच्या वर्षातल्या या आत्मविश्वासाबद्दल आपली काही तक्रार नाही. फक्त त्याच्या मागच्या सराव-पाठावर शेरा पडला होता तो असा : 'वर्ग शांत होता. शिकवणाऱ्यामुळे थोडा व्यत्यय आला.'

आता उरला होता वार्षिक परीक्षेचा पाठ. कसबा पेठेतली शाळा, सहावीची बेचाळीस मुलं आणि बाहेरच्या परीक्षक. हा पाठ गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की खराडीत वडिलांचं, म्हणजे दत्तोबांचं, नळाच्या तोट्यांचं दुकान होतंच. दत्तोबा मुलाला एका शब्दाने बोलत नसत. त्यांनी गल्ल्याशेजारी एक नवं स्टूल आणून ठेवलं होतं, एवढंच.

परीक्षक होत्या नसीमबानू मॅडम. वर्गातला तंबोरा किती उतरलाय हे त्यांना जिन्यातच कळतं, अशी ख्याती.

मग दिगंबरने जे केलं ते तुम्हीआम्हीही केलं असतं. आधीचे दोन दिवस त्याने शाळेत जाऊन भूप रागातलं गाणं मुलांकडून घोटून घेतलं. मुलं छान गायला लागली. इतकी छान, की दिगंबर घाबरला. कारण पाठाच्या टाचणात पहिली पंधरा मिनिटं मुलांना काही म्हणजे काही येत नसतं, मग हळूहळू यायला लागतं. पहिल्याच मिनिटाला आलं, तर याने शिकवलं काय?

त्याने वर्गाची मॉनिटर उल्का हिला विश्वासात घेतलं.

"मी टेबलावरचं डस्टर उचललं की यायला लागेल. तोवर कुणाला काही येत नाही."

"आणि डस्टर खाली ठेवलं तर, सर?"

दिगंबर घाईत होता. "मग नाही येत," म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या. दिगंबरने ऐटीत पेटी उघडली आणि तो फळ्याकडे वळला. फळाभर आधीच्या तासाचे अपूर्णांक. स्वच्छ फळ्यावर तारीख, विषय आणि घटक लिहिण्याचे दोन गुण असतात, त्यामुळे शिक्षक होऊ घातलेल्या माणसाचा हात तिकडे आपोआप जातो. त्याने डस्टर उचललं.

बेचाळीस मुलांनी भूप सुरू केला. आरोह झाला, अवरोह झाला, ध्रुवपद सुरू झालं. पेटीला अजून कुणी हातही लावला नव्हता. दिगंबरने दचकून डस्टर टेबलावर टाकलं. गाणं गंधारावर होतं, तिथल्या तिथे थांबलं. दत्तोबांच्या दुकानातली कुठलीही तोटी इतकी घट्ट बंद होत नसेल.

"म्हणजे थोडंफार येतंय तुम्हाला," तो कसाबसा म्हणाला.

"नाही सर," बेचाळीस जण म्हणाले.

"निदान सा?"

"नाही सर."

तिसऱ्या बाकावरच्या चांदने तर आपल्या घरी हे अक्षर आजवर कुणी उच्चारलेलं नाही, असं गळ्याला हात लावून सांगितलं. दिगंबरने खिशातल्या रुमालाने फळा पुसायला घेतला. मागे मॅडमचं पेन चालूच होतं.

अखेर त्या उठल्या, शांतपणे टेबलापाशी आल्या आणि त्यांनी डस्टर उचललं. गाणं गंधारापासून पुढे सुरू झालं. ठेवलं. थांबलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मला वाटतं, दुसऱ्या खेपेला त्यांनी ते निव्वळ हौसेखातर केलं असावं.

"किती दिवस शिकवलंत?"

"दोन," दिगंबर फळ्याकडे बघत म्हणाला.

"बेचाळीस जण, दोन दिवसांत, इतके सुरात. मला चार महिने लागायचे."

दिगंबर फुगला. आपली पद्धत तो समजावून सांगणार, तोच मॅडमनी हात वर केला.

"पण याला पाठ म्हणत नाहीत, याला स्नेहसंमेलन म्हणतात. पास व्हायला तुम्हाला पाच गुण कमी पडतायत. विद्यार्थ्यांच्या उत्स्फूर्त सहभागाचे पाच असतात. यांच्यातलं कुणीही, तुम्ही न पढवलेलं एक वाक्य आपणहून बोललं, तर देते. खुणा करायच्या नाहीत."

दिगंबरने वर्गाकडे पाहिलं. बेचाळीस शिस्तबद्ध चेहरे त्याच्याकडे पाहत होते. दोन दिवस खपून ही शिस्त त्यानेच लावली होती. घंटेला दोन मिनिटं राहिली. मग एक. मॅडमनी वाट पाहून पेनाचं टोपण लावायला घेतलं, आणि पहिल्या बाकावरून उल्काचा हात वर गेला.

"बोल, उल्का," दिगंबर म्हणाला. आवाज सुरात नव्हता.

उल्का उठली. तिने मॅडमकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि फार अपराधी चेहरा केला.

"सर, हे आपलं ठरलेलं नाहीये. पण बाथरूमला जाऊ?"