काटकोनात वळणारी हवा

“हवेला काय अक्कल असते? आपण दाखवू त्या वाटेनं गुमान जाईल!”

असं काटकोनानं छाती ठोकून सांगितलं, तेव्हाच खरं तर बायकोनं माहेरी जायला पिशवी भरायला हवी होती. पण या वेळी माहेरच तिच्याकडे राहायला येणार होतं, मग ती जाणार कुठं!

काटकोन म्हणजे आपला सुतार हो. खुर्ची असो की कपाट, प्रत्येक कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून हे नाव. गोल वस्तूंवर त्याचा राग होता. “ज्याला कोपरा जमत नाही, तो गोल करतो,” म्हणायचा.

घराच्या खालच्या मोठ्या खोलीत त्याचा कारखाना. दिवसभर करवत आणि रंधा घरघरायचे आणि भुसा जिना चढून सरळ वर यायचा. चहात भुसा, उशीत भुसा, आरशावर भुसा! आणि आता जुना खोकला घेऊन सासूबाई यायच्या होत्या.

“अहो, नीट ऐका,” बायको म्हणाली. “आई यायच्या आत हा भुसा थांबला नाही, तर कारखाना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मला कटकट नको.”

शेड! तिला ना खिडकी, ना धड दार. तिथं काम करायचं म्हणजे काटकोनाला शिक्षाच. पण गडी हट्टी. त्यानं भुसा ओढणारा मोठा पंखा आणला. पंख्याच्या मागे भलीमोठी कापडी पिशवी, ओढलेला सगळा भुसा तिच्यात जमायचा. आता फक्त यंत्रांपासून पंख्यापर्यंत नळी टाकायची राहिली.

शेजारचा पत्रेवाला दारातच उभा होता. न विचारता सल्ला देणं हा त्याचा जोडधंदा.

“गोल पाइप घे, वळण लांबलचक दे,” तो म्हणाला. “काटकोन आला की हवा अडखळते आणि भुसा तिथंच बसकण मारतो.”

“तुला तुझा पत्रा खपवायचाय! मी लाकडाची नळी करतो. चौकोनी. एक खिळा मारणार नाही, बघ!”

आणि केली की! जिन्यावरून वळून, खिडकीला वळसा घालून, प्रत्येक वळणावर कडक काटकोन. वर पॉलिश असं, की त्यात तोंड पाहून दाढी करावी. पंखा सुरू केला. पंख्याजवळ एवढी ओढ, की काटकोनाच्या कानावरची पेन्सिल गेली! आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला करवतीपाशी? तिथं कागदाचा कपटासुद्धा हलेना.

“वाट अरुंद पडतेय,” काटकोन म्हणाला. दुसरा असता तर डोक्याला हात लावून बसला असता. यानं सगळी नळी उतरवली आणि दुप्पट रुंद करून पुन्हा चढवली.

“अरे बाबा, रुंद केलीस की हवा रमतगमत जाते,” पत्रेवाला ओरडला. “रमतगमत जाणारा ओझं कशाला उचलेल?”

काटकोनानं दार लावून घेतलं.

पण काय चमत्कार! आता करवतीचा भुसा थोडा थोडा नळीत शिरायला लागला. जमीन बरी दिसू लागली. त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे पंख्यामागची पिशवी रिकामी ती रिकामीच!

“बघितलंस?” त्यानं बायकोला ओढत आणलं. “पिशवीत चिमूटभर नाही! भुसाच संपवला मी!”

“म्हणजे गेला कुठं?”

“विरला हवेत!”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग नळीकडे पाहिलं, आणि भाजी करपेल म्हणून वर गेली.

सासूबाई आल्या. काटकोनानं सामान टेकवायच्या आत त्यांना नळीखाली नेऊन उभं केलं.

“आई, हे बघा! एक खिळा नाही!”

“देखणं आहे हो, जावईबापू. पण मधेच असं पोट का सुटलंय?”

“पोट? छे! आतून पोकळ आहे. ऐका आवाज!” आणि त्यानं नळीवर थाप मारली.

आवाज आला तो भरल्या पोत्यासारखा. दुसरी थाप मारली, आणि खिळा नसलेला तो तळ सबंधच्या सबंध खाली आला! प्रत्येक काटकोनात दबा धरून बसलेला भुसा एकदम मोकळा झाला. धूळ बसली तेव्हा पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी दोन माणसं समोरासमोर शिंकत होती.

“शेड!” जिन्यावरून बायको एवढंच म्हणाली.

“एकच संधी दे! आईंची शपथ!”

“माझी कशाला?” सासूबाई खोकता खोकता म्हणाल्या.

काटकोन तडक पत्रेवाल्याकडे गेला. मान खाली घालून.

“काय पाहिजे?”

“पाइप.”

“कसला?”

“...गोल.”

“ऐकू नाही आलं!”

“गोल! गोल! गोल!”

गुण्या खणात कोंडून काटकोन कामाला लागला. पाइप मापात अरुंद, वाट आखूड, वळणं ऐसपैस, आणि प्रत्येक फाटा तिरका जोडलेला. पंखा लावला. करवतीपाशी भुसा उडायच्या आधीच गडप! पिशवी फुगून टम्म झाली. जमिनीवर तर नाहीच, खिडकीच्या गजावरही कण नव्हता. काटकोनाच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखाना वाचला!

त्यानं दोघींना हाका मारून बोलावलं. सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी लांब श्वास घेतला. आणखी एक घेतला. खोकल्या नाहीत.

“अगं, वरच्यापेक्षा इथली हवा किती छान आहे!” त्या लेकीला म्हणाल्या. “माझा पलंग इथंच लाव. मी आता इथंच राहते बाई, कायमची.”

आजकाल काटकोन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. भुवयांवर भुसा, मिशीत भुसा. परवा त्यानं भीत भीत निदान पंखा तरी परत मागून पाहिला.

“तेवढा मात्र राहू द्या, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “त्याच्या आवाजाशिवाय मला झोपच येत नाही.”