पन्नास मिलिग्रॅमचा हिशेब

"आठवड्याला एक!" आन्सेल्मो बेर्तोलोत्ती ओरडले. "रोजची गोळी बंद आणि आठवड्याला एक! मी काय कुंडीतला निवडुंग आहे?"

बोएदो वस्तीतल्या त्या सहा मजली इमारतीच्या मधोमध हवेसाठी एक अरुंद डक्ट सोडलेला होता आणि सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्यात उघडत. त्यामुळे चौथ्या मजल्यावर कुणी शिंकलं की तळमजल्यावरून 'तब्येत सांभाळा' ऐकू येई. आन्सेल्मोंच्या त्या बुधवारच्या आरोळीने तर दुसऱ्या मजल्यावरच्या पोपटाने पुढचे तीन दिवस बोलणंच सोडलं, आणि तो पोपट लिलाव पुकारणाऱ्याच्या घरात वाढलेला होता.

आरोळी मात्र होती चौथ्या मजल्यावरच्याच समोरच्या खिडकीसाठी. तिथे एदेल्मिरा रास्तेल्ली उभ्या होत्या, हातात पाण्याचा पेला घेऊन. चार वर्षांपूर्वी आन्सेल्मोंची बायको गेली, त्याच हिवाळ्यात एदेल्मिरांचा नवरा गेला. दोघांनाही डॉक्टरांनी उदासपणावर रोज एक गोळी लिहून दिली. तेव्हापासून सकाळी आठ वाजता दोन्ही खिडक्या उघडत, दोन पेले वर होत, "तब्येतीच्या नावाने, सेन्योरा!" "तब्येतीच्या नावाने, सेन्योर बेर्तोलोत्ती!" आणि दोन गोळ्या घशाखाली जात. मग येर्बाचा कडू चहा होई, तो आपापल्या खिडकीत. मधलं अंतर जेमतेम दीड मीटर. चार वर्षांत त्यांनी ते ओलांडलं नव्हतं, आणि आठ वाजताची वेळ एकदाही चुकवली नव्हती.

"पण अडचण काय आहे?" एदेल्मिरांनी विचारलं.

"अडचण? मी वजनमापं खात्यात अडतीस वर्षं निरीक्षक होतो, सेन्योरा. रोज वीस मिलिग्रॅम, म्हणजे सात दिवसांचे झाले एकशेचाळीस. ह्या आठवड्याच्या गोळीत किती? नव्वद! पन्नास मिलिग्रॅम कुठे गेले?"

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"म्हणे, हे औषध अंगात पुष्कळ दिवस टिकून राहतं, म्हणून कमी पुरतं. अहो, कमी तोलणारा प्रत्येक खाटीक मला हेच सांगायचा! म्हणायचा, साहेब, माझ्याकडचं मांस पोटात जास्त टिकतं."

वरून पाचव्या मजल्यावरची मिर्ता खिडकीतून अर्धी बाहेर आली. ती गेली अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा मनोविश्लेषकाकडे जाऊन कोचावर पडत असे, त्यामुळे अशा प्रकरणांत आपला अधिकार आहे असं तिला वाटे. "आन्सेल्मो, रोजची गोळी म्हणजे रोजची आठवण की आपण आजारी आहोत. आठवड्याची घ्या. सहा दिवस मोकळे!"

"मला नकोत मोकळे दिवस! माझ्याकडे आधीच पडून आहेत!"

"आणि विसरलात तर?" तळमजल्यावरून रखवालदार सिरिलोने विचारलं. "रोजची विसरली तर एक दिवस बुडतो साहेब. ही विसरली तर आख्खा आठवडा."

"बघा! झाडूवाल्याला कळतं ते डॉक्टरला कळत नाही."

"रखवालदार, साहेब. आणि गोळीला सोमवार धरू नका, त्या दिवशी मोठा कचरा असतो."

सोमवार यादीतून गेला. रविवारी राव्योलीचं जड जेवण करून आन्सेल्मो दुपारपर्यंत गुंगीत असतात म्हणून मिर्ताने रविवार बाद केला. अर्ध्या तासात आन्सेल्मोंना न विचारताच इमारतीने बुधवार ठरवला. डॉक्टर लुसेरोंनीही तोच सांगितला होता: आज रोजची शेवटची गोळी घ्यायची, मध्ये सात दिवस जाऊ द्यायचे आणि पुढच्या बुधवारी आठवड्याची पहिली.

आन्सेल्मोंनी समोर पाहिलं. समोरून तरी कुणी म्हणावं की हा अन्याय आहे.

"बरंच झालं की," एदेल्मिरा म्हणाल्या. "तुमचा रोजचा वेळ वाचेल."

आन्सेल्मोंनी पेला असा आदळला की खिडकीच्या काचा थरथरल्या. "वाचेल! भरपूर वाचेल!" त्यांनी खिडकी लावून घेतली.

गुरुवारी आठ वाजता ते खिडकीपाशी आले आणि थबकले. गोळी नव्हती. एका सभ्य विधवेच्या समोर माणसाने सकाळी खिडकी उघडायची, ती कोणत्या कारणाने? समोरच्या बंद खिडकीमागे किटली शीळ घालत होती. शुक्रवारीही घातली. शनिवारी त्यांची किटली आणि समोरची किटली एकाच वेळी वाजली. दोन्ही खिडक्या बंदच राहिल्या.

इमारतीला मात्र ह्याची झळ पोहोचली. लिफ्ट हळू चालते म्हणून आन्सेल्मो लिफ्टला रागावले. पाव ठरल्यापेक्षा बारा ग्रॅम कमी भरला म्हणून बेकरीत त्यांनी असा हंगामा केला की बेकरीवाल्याने घाबरून तीन गोड पाव फुकट दिले. ते आन्सेल्मोंनी जोखून परत केले, कारण तेही कमी भरत होते.

"गोळी उतरली," सिरिलो मान हलवत म्हणाला.

"डॉक्टर म्हणते ती अंगात टिकून आहे!" आन्सेल्मो गरजले. "मग हे काय उतरलंय?"

ह्यावर सिरिलोने जिना दुसऱ्यांदा पुसायला घेतला.

बुधवारी आठला पाच मिनिटं असतानाच डक्टमधल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पाचव्यावरच्या मिर्ताने खुर्ची आणून ठेवली होती. ठोक्याला आन्सेल्मोंची खिडकी उघडली. दाढी गुळगुळीत, गळ्यात टाय. उजव्या हाताच्या चिमटीत आठवड्याची गोळी धरून त्यांनी ती उजेडात फिरवली, जणू चोरलेले पन्नास मिलिग्रॅम तिच्यामागे लपले होते.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. एदेल्मिरांनी निळा ब्लाउज घातला होता आणि केस वर बांधले होते.

"सुप्रभात, सेन्योर बेर्तोलोत्ती."

आन्सेल्मोंची चिमटी सुटली. गोळी तिसऱ्या मजल्याच्या दोरीवरच्या मोज्यावर आपटली, तिथून दुसऱ्या मजल्याच्या कुंडीवर उडाली, पोपटाच्या पिंजऱ्याला टण्‌कन लागली आणि खाली गेली. सगळी इमारत कान देऊन ऐकत राहिली.

"गेली साहेब," खालून सिरिलोचा आवाज आला. "गटाराच्या जाळीतून."

"गोळी नाही गेली!" आन्सेल्मो किंचाळले. "माझा आठवडा गेला! रोजची असती तर एक दिवस गेला असता. पण नाही! ह्या लोकांना सगळं ठोक भावाने हवं!"

"हा अपघात नाही," मिर्ता वरून म्हणाली. "तुमच्या अंतर्मनाने ती मुद्दाम टाकली."

"माझं अंतर्मन सार्वजनिक गटारात काही टाकत नाही!"

अकरा वाजता ते डॉक्टर लुसेरोंसमोर बसले होते. डॉक्टरांचं वय त्यांच्या टायपेक्षा कमी असावं.

"बिघडलं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ऐका. आठवड्याची गोळी वाईट नाही. रोज विसरणाऱ्यांना, रोज गोळी गिळायचा कंटाळा असणाऱ्यांना ती सोयीची पडते. तुम्ही रोजची किती वेळा विसरलात?"

"चार वर्षांत एकदाही नाही."

"मग कंटाळा? रोज गोळी घ्यायला वेळ किती लागतो?"

"चाळीस मिनिटं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एक गोळी घ्यायला?"

"पाण्याबरोबर घेतो," आन्सेल्मो म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "नंतर येर्बा. समोर खिडकी आहे एक."

डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळीचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहिलं: रोज एक, सकाळी आठ वाजता.

गुरुवारी आठ वाजता आन्सेल्मोंनी खिडकी धाडकन उघडली आणि पेला उंचावला. "जिंकलो, सेन्योरा! पूर्ण वजनाची! रोज!"

समोर एदेल्मिरा हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. पेला नव्हता. "सहा दिवस!" त्या म्हणाल्या. "सहा दिवस खिडकी उघडली नाहीत तुम्ही!"

"गोळी नव्हती माझ्याकडे!"

"अहो, माझ्याकडे तर नोव्हेंबरपासून नाहीये!"

डक्टमध्ये अशी सामसूम झाली की पोपटाने पिसं सावरलेलीही ऐकू आली.

"काय?" आन्सेल्मो म्हणाले.

"डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. बरी आहे मी. सहा महिने झाले."

"मग रोज सकाळी माझ्यासमोर काय गिळत होतात?"

"बडीशेपेची गोळी."

आन्सेल्मोंचा चेहरा बीटासारखा लाल झाला. "अडतीस वर्षं! अडतीस वर्षं ह्या शहरातल्या एकाही दुकानदाराने मला फसवलं नाही! आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत, दीड मीटरवरून, सहा महिने खोटा माल..."

"अंतर जास्त पडतं," एदेल्मिरा म्हणाल्या. "लांबून तपासणी नीट होत नाही."

आन्सेल्मोंनी टाय सरळ केला. "उद्यापासून," ते म्हणाले, "तपासणी माझ्या टेबलावर होईल. आठ वाजता. बडीशेप सोबत आणायची, एदेल्मिरा."

शुक्रवारी आठला पाच मिनिटं असताना डक्टमधल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही बंद होत्या. साडेआठ झाले, नऊ झाले. आन्सेल्मोंच्या काचेमागून भांड्यांचा आवाज आणि एकदा हसू ऐकू आलं. शब्द एकही कळेना. मिर्ता खुर्चीवर उभी राहिली, तरी कळेना.

दुपारी लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला होता. खाली सतरा सह्या होत्या, पहिली मिर्ताची, शेवटची सिरिलोची. अक्षर रागाने थरथरलेलं होतं. 'चौथ्या मजल्यावरील रहिवाशांनी सकाळी खिडकी बंद ठेवून संपूर्ण इमारतीची घोर गैरसोय चालवली आहे. रोज शक्य नसल्यास त्यांनी ती निदान आठवड्यातून एकदा तरी उघडावी.'