तक्रारीचा नंबर

निवृत्त होताना ड्रायव्हरने कंपनीची जुनी व्हॅन विकत घेतली, तेव्हा तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं, 'ड्रायव्हर बेशिस्त वाटल्यास फोन करा.' खाली कंपनीचा नंबर. गडी प्रामाणिक. पेंटरला गाठून त्याने तिथे आपल्या घरचा नंबर घालून घेतला.

बत्तीस वर्षांत एक तक्रार नाही, उगाच एक हॉर्न नाही. तेव्हा फोन यायचं कारणच नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, लेक लांब. घर इतकं गप, की घड्याळाचा गजर झाला तरी हा "आलो, आलो" म्हणून उठायचा.

एकदा कोपऱ्यावर वळताना शिंक आली आणि इंडिकेटर राहिला. घरी येतो तो फोन खणखणतोय.

"कोपऱ्यावरच्या खिडकीतून बघितलं मी. तुमचा ड्रायव्हर सिग्नल न देता वळला. साहेबच बोलताय ना?" आवाज शाळेतल्या बाईंसारखा.

'तो मीच' म्हटलं, तर बाई फोन ठेवणार. "साहेबच," तो म्हणाला. "चांगला झापतो त्याला."

"झापाच. आमचे हे असते तर रस्त्यात उतरून झापलं असतं." मग हे कसे होते, त्यावर पंधरा मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी शिंक आली नाही, तरी इंडिकेटर राहिला. तिसऱ्या दिवशी पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यावर गेली. रस्ता रिकामा बघून, बरं का. रोज फोन. रोज साहेब ड्रायव्हरला झापायचे, अन् वर थोड्या गप्पा.

आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, "झापून सुधारणारा नाही तो. काढून टाका, नाहीतर मी पोलिसांत कळवते."

साहेब अडकले. "काढला," म्हणून बसले.

झालं. स्वतःच्या तोंडाने स्वतःला घरी बसवलं. आता त्या कोपऱ्यावर व्हॅन न्यायची सोय नाही, अन् फोनही नाही. दहा दिवस तो फोनवरची धूळ पुसत राहिला.

अकराव्या दिवशी वाजला. "साहेब, गाडी दिसत नाही?"

"ड्रायव्हर नाही."

"जुन्यालाच घ्या परत. चुकायचा, पण सावकाश चुकायचा. बाकीचे तर दिसायच्या आत निघून जातात."

सकाळी तो कोपऱ्यावर गेला. इंडिकेटर दिला, पट्ट्याच्या अलीकडे थांबला. सगळं नियमात. आता बाई तक्रार करणार कशाची? त्याने खिडकीकडे बघितलं आणि उगाच, बिनकामाचा हॉर्न दाबला.

घराचं कुलूप काढतो तर आत फोन वाजतोय. त्याने आधी खुर्ची ओढून घेतली.

"बोला बाई," तो म्हणाला. "आज काय केलं त्याने?"